लागणे, सोडणे आणि सुटणे

व्यसनाविषयी मराठीत बोलावयाचे झाले म्हणजे तीन क्रियापदांवाचून आपले चालत नाही, आणि या तिघांचा आपसांतील व्यवहार मोठा चमत्कारिक आहे. मनुष्यास दारू 'लागते'. ठेच लागते, ऊन लागते, तहान लागते, तशीच दारू लागते, तंबाखू लागते, पत्त्यांचा नाद लागतो. या सर्व वाक्यांत मनुष्य बिचारा चतुर्थी विभक्तीच्या आडोशाला उभा असतो. जे काही करावयाचे ते ती वस्तू करीत असते. परंतु तीच दारू घालविण्याची वेळ आली की आपण वाक्याची सारी रचना फिरवितो, त्या मनुष्यास ओढून कर्त्याच्या जागी बसवितो आणि दरडावून म्हणतो, "सोड ती!" जी वस्तू त्याने धरली नव्हती, जिने त्याला धरले होते, ती त्याने सोडावी, ही अपेक्षा व्याकरणाच्या दृष्टीनेदेखील अवघड आहे. तिसरे क्रियापद 'सुटणे'. सभेत, भाषणात ते फारसे ऐकू येत नाही. ज्या घरातून हा प्रकार जाऊन आला आहे, त्या घरातील बायका मात्र ते नेमके वापरतात. "त्यांनी दारू सोडली" असे त्या म्हणत नाहीत. अनेकदा फसल्यानंतर तसे म्हणण्याचा धीर उरत नाही. त्या म्हणतात, "दोन वर्षं झाली, सुटलीय."

माझा व्यवसाय इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. साहजिकच या विषयाची पुस्तकी ओळख मला प्रथम झाली ती कोल्रिज आणि डी क्विन्सी यांच्या अफूमुळे. डी क्विन्सीने 1821 साली आपल्या अफूबाजीचा कबुलीजबाब छापून इंग्रजी वाचकांस थक्क केले. कोल्रिजविषयी त्यानेच अशी हकीकत लिहून ठेविली आहे की, आपणांस औषधविक्याच्या दुकानात पाऊल टाकू देऊ नये म्हणून त्या कवीने पगारी माणसे नेमली होती. सकाळी हुकूम देणारा धनी खरा, की संध्याकाळी तोच हुकूम मागे घेणारा धनी खरा, हा पेच त्या गरीब नोकरांनी कसा सोडवावा? वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले हसतात. दोघेतिघे हसत नाहीत. त्यांच्या घरी काय चालले असेल हे मी कधी विचारीत नाही.

ही परकीयांचीच कहाणी आहे असे मात्र कोणी समजू नये. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात एक जुगारी आहे. बायको दुरावली आहे, सासू तोंड फिरविते, घरचे लोक ओळख दाखवीत नाहीत. आता जावयाचे नाही असा निश्चय तो करतो, आणि फाशांचा आवाज कानी पडताच निघतो. मनाविरुद्ध, जणू कोणी बळेच जुंपल्याप्रमाणे, मनुष्य पाप करतो तो कोणाच्या प्रेरणेने, हा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने विचारला आहे. म्हणजे प्रश्न जुना आहे, आणि तो विचारणारी माणसे काही कमकुवत मनाची नव्हती. 'व्यसन' या संस्कृत शब्दाचा एक मूळ अर्थ तर संकट असाच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांसंबंधी आहे, आणि त्यात राजा, अमात्य, देश, दुर्ग, कोश, सैन्य व मित्र या सर्वांवर ओढवणाऱ्या आपत्तींची चर्चा येते. राजाची मृगया, द्यूत व मद्यपान ही त्याच यादीत बसतात. दुष्काळास आणि दारूस एकच शब्द लावणारा हा ग्रंथकार मला आपल्या पुष्कळशा नीतिशिक्षकांपेक्षा अधिक शहाणा वाटतो. दुष्काळग्रस्तास कोणी "तू दुष्काळ सोड" म्हणून सांगत नाही.

सातारा जिल्ह्यातील कोरेगाव हे माझे गाव. पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक, तालुक्याची कचेरी, जरंडेश्वराचा डोंगर, आल्याचे आणि घेवड्याचे पीक. येथील वाघ्या घेवड्यास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हांस थोडा गर्वही आहे. पीक विकले गेले की हातात पैसा येतो, आणि ज्या आठवड्यात पैसा येतो त्याच आठवड्यात गावाबाहेरच्या ढाब्यांवरील दिवे उशिरापर्यंत जळत राहतात. यात आमच्या गावाचे काही वैशिष्ट्य आहे असे नव्हे. तथापि या रोगावरील आमच्या भागातला जुना उपाय मात्र सांगण्यासारखा आहे. तो म्हणजे माळ.

एखाद्या घरात दारूने कहर मांडला म्हणजे थोरली माणसे म्हणतात, "त्याला एकदा माळ घाला." तुळशीची माळ गळ्यात पडली की मद्य आणि मांस वर्ज्य. या उपायाकडे इंग्रजी शिकलेला मनुष्य सहसा भाबडी श्रद्धा म्हणून पाहतो. मी त्याकडे अधिक जवळून पाहिले आहे, आणि मला त्यात श्रद्धेइतकीच व्यवहाराची जाण दिसते. माळ गळ्यात असते, म्हणजे ती साऱ्या गावास दिसते. "घे थोडी" असा आग्रह करणारा मित्रही ती पाहून हात आखडतो. संध्याकाळी दिवेलागणीस, म्हणजे नेमका पाय गुत्त्याकडे वळावयाच्या घटकेला, देवळात हरिपाठ सुरू होतो आणि हातात टाळ येतात. रिकामा हात ही मद्यप्याची मोठी अडचण असते. ती अशी दूर होते. पंधरवड्याला एकादशी येते, वर्षाला आषाढी येते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्याच जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण अशी जाते. तेव्हा जुनी सोबत, जुना रस्ता, जुनी घटका हे सर्व मागे टाकून मनुष्य कित्येक दिवस दुसऱ्याच माणसांत चालत असतो. एका शब्दात सांगावयाचे तर माळ ही शपथ नव्हे. शपथ एकट्याची असते. माळेबरोबर एक मंडळ मिळते.

माझे थोरले चुलतबंधू, त्यांना आम्ही सर्व आबा म्हणतो, यांनी सुमारे वीस वर्षे दारू प्याल्यानंतर एका आषाढीस पंढरपुरास माळ घातली. ते एका साखर कारखान्यात नोकरीस होते. हंगामात रात्रपाळी, हंगाम संपला की रिकामपण, आणि दोन्हींवर तोच इलाज. माळ घालून आले त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात कापू लागले. वहिनींना वाटले, प्रवासाचा शीण. तिसऱ्या रात्री ते चादरीवरून मुंग्या वेचू लागले. मुंग्या नव्हत्या. थोड्या वेळाने ते आमच्या दिवंगत काकांशी बोलू लागले, आणि घरात एकच हलकल्लोळ झाला. कोणी म्हणाले, माळ सोसली नाही. कोणी म्हणाले, देवाचे काही चुकले. मीठमोहऱ्या उतरून झाल्या. शेजारी लष्कराच्या वैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत असत. (आमच्या जिल्ह्यात दर चार घरांआड असा एखादा फौजी भेटतोच.) ते आले, त्यांनी आबांच्या अंगास हात लावून पाहिला आणि म्हणाले, "हे भूत नाही आणि देवही नाही. हे एकदम थांबविल्याचे आहे. गाडी काढा." त्याच रात्री साताऱ्यास नेले म्हणून आबा वाचले.

हे सविस्तर लिहिले याचे कारण, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे माणसे मरतात. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दिवसातच हातपाय कापू लागतात, घाम सुटतो; पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते; आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास काहींस भ्रम होतो, नसलेले दिसू लागते, ताप चढतो. मेंदू इतकी वर्षे दारूच्या ओझ्याविरुद्ध जोर लावून उभा असतो. ओझे अचानक काढले की तो तोल जाऊन पुढे कोसळतो, असे या प्रकाराचे वर्णन करता येईल. यावर औषधे आहेत, ब-1 जीवनसत्त्व द्यावे लागते, आणि चारआठ दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढले की हा टप्पा बहुधा निभावतो. माळेच्या उपायात ही एवढी उणीव आहे. ज्याने पुष्कळ प्यालेले आहे त्याने आधी दवाखान्यात जावे आणि मग पंढरपुरास.

याच्या नेमके उलट एक 'सोडविणे' आहे. ते चौथे क्रियापद, आणि मला ते मुळीच आवडत नाही. रोग्यास न सांगता दारू सोडवून देऊ, अशा जाहिराती भिंतींवर आणि वर्तमानपत्रांत आजही दिसतात. 1948 साली डेन्मार्कमधील संशोधकांनी डायसल्फिराम नावाच्या औषधाचा हा गुण प्रसिद्ध केला की, ते पोटात असता मनुष्याने मद्य घेतले तर छाती धडधडते, तोंड लाल होते, वांत्या होतात. रोग्याने स्वतः समजून, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतले तर त्याचा उपयोग होतो. तेच भाजीत कालवून त्याच्या नकळत दिले, आणि तो नित्याप्रमाणे अर्धी बाटली पिऊन बसला, तर प्राणावर बेतू शकते. जाहिरातीतल्या पुडीत काय असते हे तर विकणाराच जाणे.

आबांची माळ चौदा महिने टिकली. एका लग्नाच्या वरातीत ती उतरली. मी 'उतरली' म्हणतो. कारण त्यांनी ती अगोदर हाताने काढून घरातल्या खुंटीवर ठेविली आणि मगच ते बाहेर पडले. गळ्यात असताना ते प्याले नाहीत. या सचोटीचे कौतुक करावे की रडावे, हे वहिनींना त्या वेळी समजले नाही, आणि अजून मलाही समजलेले नाही. परंतु खरा अनर्थ पुढे झाला. माळ उतरल्यामुळे त्यांना देवळात जाण्याची लाज वाटू लागली. हरिपाठाच्या घटकेला ते मागच्या बोळाने जाऊ लागले. ज्या मंडळाने त्यांना सावरले होते तेच मंडळ, कोणी एक शब्दही न बोलता, केवळ लाजेमुळे त्यांना बंद झाले. उरले ते दुसरे मंडळ. तेथे लाज नसते.

या ठिकाणी मला गडकऱ्यांची आठवण होते. 'एकच प्याला' हे नाटक 1919 च्या फेब्रुवारीत गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी महिनाभरच गडकरी वारले होते. त्या नाटकाकडे आपण सिंधूच्या आसवांसाठी आणि तळीरामाच्या कोट्यांसाठी जातो. पण त्यातील आर्यमदिरामंडळाचा प्रवेश केवळ विनोद म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पिणाऱ्यांचे रीतसर मंडळ आहे, त्याला सभासद आहेत, तत्त्वज्ञान आहे, आणि नवागताचे तेथे मनापासून स्वागत होते. सुधाकर मध्यंतरी सुधारू पाहतो, काम मागत फिरतो, तेव्हा त्याला कोणते मंडळ मिळते? त्याला उपदेश मिळतो, अपमान मिळतो. रामलालसारखा सज्जन मित्रही त्याच्याकडे वरून पाहतो. बरोबरीने बसून "मीही यातून गेलो आहे" असे म्हणणारा एकही मनुष्य त्या नाटकात नाही. गडकऱ्यांच्या काळी तसा मनुष्य मिळाला असता तो वारीतच. पुढे 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन गावी न्यूयॉर्कचा एक दलाल आणि तेथील एक शस्त्रवैद्य, दोघेही अट्टल मद्यपी, एकमेकांस भेटले आणि त्यांच्या ध्यानात आले की, दुसऱ्या मद्यप्याशी बोलत असताना आपणांस प्यावेसे वाटत नाही. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' निघाले. आर्यमदिरामंडळास पहिले तुल्यबळ मंडळ मिळाले ते हे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

महाराष्ट्रात ही वाट रुंद केली ती पुण्याच्या 'मुक्तांगण'ने. गर्दच्या व्यसनाने शहरातील तरुण पोरे जाऊ लागली तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी ते वाचून आर्थिक साहाय्य पुढे केले. आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र सुरू केले. तेथून बरे झालेले कित्येकजण तेथेच नव्या रोग्यांचे सोबती म्हणून काम करू लागले. आमच्या साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी व्यसनमुक्तीसाठी 'परिवर्तन' ही संस्था काढली. दाभोलकर हे अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते; 2013 साली पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या जिल्ह्यात माळकरी दारू सोडवितात त्याच जिल्ह्यात एक विवेकवादी डॉक्टर दारू सोडवीत होता. दोघांची बोलण्याची भाषा अगदी निराळी. पण दोन्हीकडे मनुष्यास एकटे सोडावयाचे नाही, ही रीत एकच.

शास्त्रज्ञांनी या विषयावर जे काम केले आहे त्यातील दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. मॉन्ट्रियल येथे 1954 साली ओल्ड्स व मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसविल्या. दांडी दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागास विजेचा किंचित झटका मिळे. उंदीर ती दांडी पुनःपुन्हा दाबीत राहिले. प्रथम लोकांनी त्या भागास सुखाचे केंद्र म्हटले. पुढे बेरिज या अमेरिकन संशोधकाने दाखवून दिले की, 'हवेसे वाटणे' आणि 'आवडणे' यांचे मार्ग मेंदूत वेगळे आहेत, आणि व्यसनात पहिला वाढत जातो, दुसरा नव्हे. आबा मला एकदा म्हणाले होते, "शेवटची पाच वर्षं मला दारूची चव आवडत नव्हती रे." तेव्हा मला ती सबब वाटली नाही, आणि पुढे बेरिज वाचल्यावर तर ते शास्त्रच वाटले. दुसरी गोष्ट व्हिएतनामची. त्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिकांस हेरॉइन लागले. 1971 साली परतलेल्या सैनिकांची ली रॉबिन्स या विदुषीने पाहणी केली, तेव्हा असे आढळले की, घरी आल्यावर त्यांच्यापैकी फार थोडे पुन्हा त्यात अडकले. स्थळ बदलले, सोबत बदलली, भीती संपली, पुष्कळांचे सुटले. वारीस निघालेल्या मनुष्याचेही काही अंशी हेच होते. फरक इतकाच की, वारकरी पुन्हा त्याच गावात, त्याच बोळापाशी परत येतो.

बंदीने काय साधते, हा वाद मी येथे फार लांबवीत नाही. जोतीराव फुले यांचे मूळ घराणे आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातील कटगुणचे. पुणे नगरपालिकेत असता 1880 साली त्यांनी दारूच्या दुकानांच्या वाढीस विरोध केला. 1943 ते 46 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीसकट, गावोगाव दारूबंदी पुकारली; त्या सरकारच्या शिक्षांची आठवण 'पत्री सरकार' या नावातच राहिली आहे. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा 1949 चा, आणि तोच आजही चालू असल्यामुळे महाराष्ट्रात कागदोपत्री प्रत्येक पिणाऱ्यास परवाना लागतो, ही एक मौज आहे. माझे मत असे की, दुकान बंद झाल्याने नव्या पोरांस 'लागण्याचे' प्रमाण कमी होते. ज्याला लागलेली आहे तो पुढच्या गावी जातो. दुकान बंद करणे मोलाचे आहेच; पण त्याने आबांचे काम भागले नसते.

या बाबतीत आमच्याकडच्या बायकांस जो अधिकार आहे तो मोठा विलक्षण आहे. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होते; उभ्या बाटलीवर मारला तर चालू राहते. अशा मतदानाच्या आधी भरलेल्या बायकांच्या सभा मी पाहिल्या आहेत. उन्हातान्हातून त्या येतात, तावातावाने बोलतात, आणि बोलता बोलता कमरेची डबी काढून भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटाने दातांवर घासतात. मिश्री. तिला आमच्याकडे कोणी व्यसन म्हणत नाही. ती दात घासण्याची वस्तू. पहाटे ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके दुखते, हाताला काम सुचत नाही, ही सारी लक्षणे आबांच्या लक्षणांचीच धाकटी भावंडे. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला दुकानही नको आणि आडवी बाटलीही नको. गर्भारपणीही ती सुटत नाही, आणि तोंडाचा कर्करोग काही पुरुष पाहून येत नाही. तरुण पोरांचे फोनवरचे पैशांचे पत्ते हाही याच घरातला नवा पाहुणा. 2025 साली केंद्राने त्याविरुद्ध कायदा केला. अक्षसूक्तातील जुगाऱ्यास फाशांचा आवाज ऐकू येत असे, यांना घंटी ऐकू येते.

आबा पुढे साताऱ्याच्या एका केंद्रात राहिले; परत आले, आठ महिन्यांनी पुन्हा घसरले. या खेपेस मात्र लाजेने घरी बसले नाहीत. केंद्रातील सोबत्यांनी त्यांना शिकविले होते की, मधुमेहाच्या रोग्याची साखर एकदा वाढली म्हणून कोणी त्याला दवाखान्यातून हाकलून देत नाही. ते पुढच्याच आठवड्याच्या सभेस गेले, उभे राहिले आणि म्हणाले, "माझे चार दिवस झाले." त्याला आता अकरा वर्षे झाली. माळ पुन्हा घातली आहे. तालुक्यात कोणाच्या घरी असा प्रसंग आला की ते सांगण्याची वाट न पाहता जातात, आणि जाण्यापूर्वी त्या घरच्यांना फोनवर एकच गोष्ट बजावतात: मी येईपर्यंत त्याला एकदम बंद करायला लावू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

गेल्या दिवाळीस मी गावी गेलो होतो. आबा ओसरीवर बसून वहिनींना मिश्रीवरून समजावीत होते. तोंडात पांढरा डाग दिसतो आहे, कराडला दाखवून येऊ, आणि ही डबी आता सोडच, असे त्यांचे चालले होते. वहिनी माझ्याकडे वळल्या. "बघा भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यांची सुटायला माझं निम्मं आयुष्य गेलं, तवा मी कधी सोड म्हणले न्हाई. आता मला सोड म्हणत्यात." आबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "मग कराडला कधी जायचं?" वहिनींनी डबी पदराच्या गाठीत बांधली आणि म्हणाल्या, "सोमवारी. पण तुम्ही संगं यायचं, आन् बाहेर न्हाई बसायचं."